निऱ्यांचे हवाई प्रवासशास्त्र

विमानाने जाणाऱ्या माणसाच्या कमरेखाली पाटलोण असणार, हे गृहीत धरूनच विमान, विमानतळ आणि त्या दोहोंचे नियम तयार झालेले आहेत, आणि हे गृहीतक इतके सार्वत्रिक आहे की ते लिहून ठेवण्याची गरज आजवर कोणालाही वाटलेली नाही. ‘खिसे रिकामे करा’ हा आदेश खिसे असलेल्यालाच लागू पडतो, ‘बेल्ट काढा’ हा बेल्ट असलेल्यालाच. आणि आसनाच्या पट्ट्यापासून स्वच्छतागृहाच्या मापापर्यंत प्रत्येक गोष्टीत, प्रवाशाच्या दोन्ही तंगड्या स्वतंत्र नळ्यांत बंदिस्त आहेत असे मानूनच आखणी केलेली दिसते. या गृहीतकाला हरकत घेणारी जी वस्त्रे जगात शिल्लक आहेत, त्यांपैकी दोहोंचा विचार येथे केला आहे. एक स्कॉटलंडचा किल्ट आणि दुसरे कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडचे धोतर. दक्षिणेकडील वेष्टी आणि मुंडू यांचाही हक्क खरे तर मोठा आहे. परंतु ती नेसणारे इतक्या संख्येने व इतक्या सराईतपणे विमानात बसतात की विनोदाला तेथे फारशी जागा उरत नाही.

वेदगंगेच्या काठचे मुरगूड हे कागल तालुक्यातले नगरपरिषदेचे गाव. भोवती ऊस, गावाला लागून सर पिराजीराव तलाव, आणि जवळच आदमापूर, जेथे १९६६ साली समाधिस्थ झालेल्या संत बाळूमामांच्या दर्शनाला महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही बाजूंनी माणसे लोटतात. त्यांच्या घरोघरी लावलेल्या तसबिरींतला धोतर, फेटा आणि भक्कम पायताण हा वेष या भागात एकेकाळी कर्त्या माणसाचा रोजचाच वेष होता. आज तो बव्हंशी सत्तरीपुढच्या पिढीकडे उरलेला आहे. मुरगुडातून आजकाल नेमाने लांबचा प्रवास करणाऱ्यांची मोजदाद केली, तर गावच्या कुस्ती संकुलातल्या मुलींचा नंबर बहुधा वर लागेल, आणि त्या ट्रॅकसूट घालतात, जो वस्त्रप्रकार विमानतळाच्या तपासनिसाला सर्वांत प्रिय असावा. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र त्यांचे आजोबा आहेत.

प्रथम किल्टचा परिचय करून देणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाने तो बहुधा बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या अंगावर, तोही चित्रपटात किंवा एखाद्या शाळेच्या बँडमध्येच पाहिलेला असतो. चौकड्यांचे लोकरी कापड कमरेभोवती गुंडाळून, पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर आणून, मागे शिवून पक्क्या केलेल्या निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा घोळ सोडला की किल्ट होतो. पूर्ण मापाच्या किल्टला आठ वार, म्हणजे सात मीटरांहून अधिक कापड लागते, तर नऊ हाती धोतर चार मीटरांच्या आसपास संपते. पाहणाऱ्याला आखूड वाटणारा किल्ट कापडाच्या लांबीत धोतराला सहज मागे टाकतो आणि नऊवारी लुगड्याच्या खाली अवघा एक वार उरतो, ही गोष्ट मुरगूडच्या कोणत्याही आजीला समाधान देणारी आहे. निऱ्यांच्या जागेबाबत मात्र दोन्ही संस्कृतींचे मूलभूत मतभेद आहेत: धोतराच्या निऱ्या पुढे असतात आणि मागे कासोटा खोचलेला असतो, किल्टच्या निऱ्या मागे असतात आणि कासोट्याचा तेथे संपूर्ण अभाव असतो. या अभावातूनच ‘किल्टच्या आत काय असते’ हा प्रश्न जन्माला आला, जो स्कॉटिश माणसाला जगभर विचारला जातो आणि ज्याचे उत्तर न देणे हा तो आपला राष्ट्रीय अधिकार समजतो. धोतराच्या बाबतीत असे गूढ संभवत नाही. उजेडाच्या बाजूला उभ्या राहिलेल्या धोतरधाऱ्याची पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी त्या प्रश्नाचे उत्तर विचारण्यापूर्वीच देऊन टाकते.

किल्टचा इतिहासही काही कमी रंजक नाही. मूळचा किल्ट म्हणजे अंगावर घेण्याचे सबंध पांघरूणच असे, जे कमरेला पट्ट्याने आवळून वरचा भाग खांद्यावर टाकत. त्याचा वरचा भाग कापून आजचा आटोपशीर किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने, लोखंडाच्या भट्टीवरच्या कामगारांच्या सोयीसाठी काढला, असे एक मत आहे. आपला राष्ट्रीय पोशाख इंग्रजाने बेतला ही कल्पना सहन न झालेल्या स्कॉटिश अभ्यासकांनी त्यावर भरपूर शाई खर्च केली आहे. बंडखोर डोंगरी टोळ्यांना वठणीवर आणण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७४६ साली या वेषावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी! ही बंदी १७८२ साली उठली, आणि पुढे चाळीस वर्षांनी खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबराच्या भेटीत किल्ट घालून आणि आत गुलाबी विजार चढवून मिरवला. धोतराच्या वाट्याला असे कायदे आले नाहीत, त्यामुळे असे राजेही आले नाहीत. त्याच्या मदतीला आले ते माग. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे त्या गावाने जी लुगडी-धोतरे विणली, त्यांवर आसपासच्या कैक पिढ्यांची अब्रू झाकली गेली.

भारतीय सैन्यातल्या अनेक पलटणींनी बॅगपाइप स्वीकारला, चौकड्यांचे कापडही खांद्यावर मिरवले, पण किल्टला बहुतेकांनी दुरूनच रामराम केला. वारा कोणत्या दिशेने सुटेल याचा भरवसा नसलेल्या देशात हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

या दोन वस्त्रांचे खरे साधर्म्य विमानतळाच्या दारात प्रकट होते, आणि ते कापडात नसून कमरेच्या सरंजामात आहे. किल्टला खिसा नसतो. म्हणून त्याच्यापुढे साखळीने एक चामडी पिशवी लोंबवलेली असते, तिला स्पोरन म्हणतात. मुरगूडच्या वृद्धाकडे हेच काम चंची करते. चंची म्हणजे पान, सुपारी, कात, तंबाखू आणि चुन्याची डबी यांसाठी कप्पे शिवलेली, गुंडाळून दोरीने बांधण्याची कापडी पिशवी. किल्टधारी आपल्या उजव्या पायातल्या मोज्यात स्कीअन डू नावाचा छोटा सुरा खोवतो, जो शोभेचा आहे असे तो सांगतो; चंचीत अडकित्ता असतो, जो सुपारीचा आहे असे वृद्ध सांगतो, आणि सुरक्षा तपासणीतले जवान दोघांवरही सारखाच अविश्वास दाखवतात. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला सहा इंचांपर्यंत पाते आणि एकूण नऊ इंचांपर्यंत लांबी असलेले कृपाण जवळ बाळगण्याची मुभा आहे. तशी मुभा सुपारीच्या उपासकांना मिळालेली नाही. सुरा आणि अडकित्ता या दोहोंनी निमूटपणे सामानाच्या मोठ्या पेटीत बसून विमानाच्या पोटातून जावे, हाच त्यावर तोडगा आहे, आणि तो घरून निघतानाच ठाऊक असला तर पुढचा बराच संवाद वाचतो.

हा संवाद साधारणतः कसा होतो, हे जवळून पाहण्यासारखे असते. मुरगूडहून पहाटे निघून, कागलला पुणे-बंगळूर महामार्ग गाठून, गोकुळ शिरगाव ओलांडून उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळावर पोहोचलेल्या वृद्धाला दारातच तिकीट आणि ओळखपत्र मागितले जाते. ही दोन्ही कागदपत्रे त्याने सर्वांत सुरक्षित जागी ठेवलेली असतात, आणि त्याच्या मते सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे धोतराच्या आतल्या चड्डीचा खिसा, कारण सदऱ्याच्या खिशातले पैसे एस.टी.त मारले जातात हा त्याचा अर्धशतकाचा अनुभव असतो. ‘थांबा जरा’ असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करतो आणि धोतराचा सोगा, म्हणजे निऱ्यांचे पुढे लोंबणारे टोक, वर उचलू लागतो. मागे रांगेत उभे असलेले सुटाबुटातले प्रवासी या वेळी छताकडे पाहतात, सोबतचा नातू आपण याच्याबरोबर नाही असा चेहरा करून मोबाइल काढतो, आणि काही क्षणांनी शरीराच्या उष्णतेने मऊ पडलेले आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून, रबरबँडासकट, अधिकाऱ्याच्या हातावर ठेवले जाते. अधिकारी ते दोन बोटांनी धरतो.

पुढचा टप्पा धातुशोधक चौकटीचा. मुरगूडचे पायताण येथे निर्दोष ठरते, कारण अस्सल कोल्हापुरी चप्पल खिळा न वापरता, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्या या गुणाची विमानतळाच्या दृष्टीने दखल कोणी घेतली नाही, हे खेदजनक आहे. कंबर मात्र वाजते. ती वाजते करदोड्यामुळे, म्हणजे कमरेला कायम बांधलेल्या गोफामुळे किंवा साखळीमुळे, जी ऐपतीप्रमाणे सुती किंवा चांदीची असते आणि मागे कासोटा खोवताना जिचा आधार घेतला जातो.

‘कमर में क्या है?’

‘करदोडा हाय.’

‘निकालिए.’

‘त्यो काडला तर धोतार बी ईल की खाली.’

सोबतच्या नातवाला या वाक्याचे हिंदी करणे अवघड जाते. हातातले यंत्र पुन्हा एकदा कमरेभोवती फिरते, पुन्हा ओरडते. मग जवान वृद्धाला पडद्याआड नेतो, तेथे चांदीच्या साखळीचा एक वेढा त्याला दाखवला जातो, आणि त्याच्या स्वतःच्या वर्दीखाली आईने बांधलेला काळा दोरा असल्यामुळे त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. किल्टधाऱ्याची सुटका इतकी सोपी नसते. त्याच्या किल्टला बगलेशी चामडी पट्ट्यांच्या दोन-तीन बकला असतात, पुढच्या पदराच्या कोपऱ्यावर वजनासाठी मोठी टाचणी असते, स्पोरनला साखळी असते, आणि या सर्व वस्तू एकामागून एक ट्रेमध्ये ठेवल्यावरही चौकट वाजतच राहिली, तर पुढे काय काढायला सांगावे, हा प्रश्न तपासणाऱ्याला पडतो आणि काढण्याजोगे आता काय उरले, हा घालणाऱ्याला. तरीही स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचे चाहते, ज्यांना ‘टार्टन आर्मी’ म्हणतात, किल्ट घालूनच देशोदेशी विमानाने जातात. त्यामागे देशप्रेमाइतकाच हिशेबही असावा, कारण दोन किलोंच्या आसपास भरणारा लोकरी किल्ट अंगावर घातला म्हणजे तो सामानात तोलला जात नाही.

हा हिशेब मुरगूडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. हातातल्या पिशवीला सात किलोंची मर्यादा आहे असे कळताच तो दोन सदरे, बंडी आणि जाकीट एकावर एक चढवतो, आणि उरलेल्या जागेत वर्षाच्या बेगमीची चटणी बसवतो. कांदा-लसणाची ही लालभडक चटणी त्याच्या दृष्टीने अन्न असली, तरी नियमांच्या दृष्टीने तिखटाची पूड हे डोळ्यांत फेकता येण्याजोगे अस्त्र आहे आणि प्रवाशांच्या कक्षात तिला मज्जाव आहे. कोल्हापूरच्या बाबतीत हा नियम अतिशयोक्त आहे असे चटणी चाखलेला कोणताही त्रयस्थ म्हणणार नाही. सुक्या खोबऱ्याची वाटी तर तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून पोटातल्या सामानातही चालत नाही. सबंध नारळालाही कक्षात एरवी बंदीच असते. काही हंगामांत शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत नेण्याची ठरावीक मुदतीपुरती सवलत मिळाली, तेवढाच अपवाद. ओटीचा नारळ, प्रसादाचे खोबरे आणि चटणीचा डबा ही तिन्ही बाजूला काढून ठेवल्यावर पिशवीचे वजन मर्यादेच्या खाली येते. मात्र पिशवी आणण्याचे प्रयोजनही त्याबरोबर संपते.

तपासणीनंतरची मोठी परीक्षा धावपट्टीलगतच्या मोकळ्या मैदानात होते. १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळावर २०२४ मध्ये नवी प्रशस्त इमारत उभी राहिली. परंतु येथून हैदराबाद-तिरुपतीकडे जी सेवा सुरू झाली, ती पंखे असलेल्या एटीआर जातीच्या छोट्या विमानांनी, आणि या विमानाचे प्रवाशांचे दार शेपटीकडे असते. प्रवाशाला उघड्यावर चालत जाऊन, विमानाला वळसा घालून, मागच्या चार-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. जून-जुलैत पश्चिमेचा वारा त्या सपाट माळावर जोरात असतो. अशा वेळी किल्टची लोकर आणि तिच्या शिवलेल्या जड निऱ्या आपली जागा सहसा सोडत नाहीत; किल्ट उडतो ही गोष्ट छायाचित्रांमुळे वाजवीपेक्षा जास्त प्रसिद्ध झालेली आहे. धोतराचे तसे नाही. चार मीटर तलम सूत वारा भरून घेते तेव्हा त्याचे शीड होते, आणि धोतरधारी ज्या दिशेला जाऊ इच्छितो तिच्याशी ते सहमत असेलच असे नाही.

यावरचा उपाय परंपरेनेच दिलेला आहे: सोगा डाव्या हातात धरावा आणि चालताना तो किंचित उचलून पुढे घ्यावा. जुन्या पुढाऱ्यांच्या छायाचित्रांत दिसणारा हा रुबाब मुळात वारा, चिखल आणि गावची कुत्री यांवरची योजना आहे. चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेले आणि नंतर राजस्थानचे राज्यपाल झालेले वसंतदादा पाटील आयुष्यभर धोतर, सदरा आणि गांधी टोपीतच वावरले. त्या पदांवरच्या माणसाला विमानप्रवास चुकत नाही, त्यामुळे धोतराच्या हवाई योग्यतेविषयी शंका घेणाऱ्याने ती महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासाला विचारावी. त्यांच्या हातात पिशवी नसे, एवढाच काय तो फरक. मुरगूडच्या प्रवाशाच्या डाव्या हातात सोगा, उजव्या हातात पिशवी, काखेत छत्री आणि दातांत बोर्डिंग पास असतो. पायऱ्यांशी उभ्या असलेल्या कर्मचारी मुलीने ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्यावर त्याला मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि तिला तो कमालीचा गंभीर माणूस वाटतो.

आत दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात आणि प्रत्येक आसनाची रुंदी जेमतेम दीड फूट. एवढ्या जागेत किल्टधारी आधी उभ्यानेच हात मागे नेऊन निऱ्या खाली सारख्या करतो आणि मग बसतो. ही क्रिया विसरली तर उतरताना निऱ्यांचा पंखा झालेला असतो आणि मागचा प्रवासी संकोचतो. धोतरधाऱ्याची पहिली इच्छा मांडी घालण्याची असते. ती पुढच्या आसनाच्या पाठीमुळे अपुरी राहते, म्हणून तो एक पाय वर घेतो, आणि विमानाने प्रवास करणाऱ्या मराठी मुलुखातल्या असंख्य वृद्धांची मुद्रा अखेर हीच ठरते. त्यानंतर पट्टा बांधण्याची सूचना होते. शेजारचा तरुण हवाई सुंदरीकडे पाहत, आपल्या उजव्या मांडीखाली चाचपून हाताला लागलेले पांढरे टोक आपल्याकडे ओढतो, ते येत नाही म्हणून जोर लावतो, आणि कमरेच्या गाठीशी काही सैल होत आहे हे वेळीच ध्यानात आल्यामुळे वृद्ध त्याच्या मनगटावर हात ठेवतो.

‘आरं, त्यो तुजा पट्टा न्हवं!’

सुरक्षेच्या प्रात्यक्षिकात या प्रसंगाचा समावेश नाही. वास्तविक आगीच्या वेळी वितळून कातडीला चिकटणाऱ्या कृत्रिम धाग्यापेक्षा सुती आणि लोकरी कापड बरे, असे विमानसुरक्षेचे जाणकार सांगतात, आणि त्या कसोटीवर धोतर व किल्ट हे विमानातले सर्वांत समंजस पोशाख ठरतात. मात्र त्याच जाणकारांनी घसरगुंडीवरून धोतरासह उतरण्याविषयी मौन पाळले आहे.

स्वच्छतागृहाविषयी थोडक्यातच लिहिणे उचित होय. तेथे किल्टचा विजय निर्विवाद आहे. ज्या वस्त्राला कासोटा नाही ते सोडावे लागत नाही. धोतर हे मोकळ्या जागेत, दोन्ही हात रिकामे असताना आणि भूमी स्थिर असताना नेसण्याचे वस्त्र आहे, आणि उभ्याने वळताही येणार नाही अशा हलत्या खोक्यात, ओलसर जमिनीला सोगा लागू न देता ते पुन्हा नेसणे ही योगसाधना आहे. जाणता प्रवासी म्हणूनच आदल्या संध्याकाळपासून पाणी बेताने पितो आणि चहाला हात जोडतो. तरीही कोणावर प्रसंग आलाच, तर बाहेर आलेला माणूस आत गेलेल्यापेक्षा रुंद दिसतो.

हा सारा खटाटोप मुरगूडचा माणूस ज्यासाठी करतो ते कारण बहुतेकदा तिरुपतीच असते. कोल्हापूरची अंबाबाई आणि तिरुमलाचा व्यंकटेश यांचे नाते भाविकांच्या मनात घट्ट आहे. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो, आणि तिरुपतीला जाऊन आलेल्याने अंबाबाईचे दर्शन घेतल्याखेरीज यात्रा पुरी होत नाही असे मानतात. २०१९ साली कोल्हापूर-तिरुपती विमानसेवा सुरू झाली तेव्हा एका रात्रीचा गाडीचा प्रवास वाचला, आणि धोतर प्रथमच मोठ्या प्रमाणावर हवेत गेले.

तिरुपतीच्या विमानतळावर, म्हणजे रेणिगुंट्याला, उतरून डोंगर चढल्यावर मात्र चित्र पालटते. तिरुमलावरच्या विशेष सेवांसाठी पुरुषांना पारंपरिक वेष सक्तीचा आहे: धोतर किंवा पंचा, नाहीतर सदरा-पायजमा. जीनची पाटलोण घालून, रांगेत वृद्धाकडे पाहून हसत, ट्रॅकपँटची राखीव जोडी पाठीवर घेऊन आलेला तरुणवर्ग येथे दुकानादुकानांतून पंचे विकत घेत फिरतो, आणि ते कमरेला गुंडाळून, दोन्ही हातांनी मुठीत आवळून, एका जागी खिळून उभा राहतो. पाऊल उचलले की ते सुटेल, ही त्यांची भीती रास्तच असते. विमानात सोगा ओढणारा शेजारीही त्यांत असतो. त्याच्या पंच्याची दोन टोके दोन दिशांना असतात आणि जीनचा पट्टा अजून कमरेवरच असतो.

‘आबा, ह्ये कसं नेसायचं ओ?’

‘आदी त्यो बेल्ट काड,’ असे सांगून आबा चंची खाली ठेवतात आणि भर रांगेत त्याच्या निऱ्या घालू लागतात. मागे आणखी चौघे पंचे धरून उभे असतात.